नानांची वीट

माझे थोरले चुलते, नाना, बिबट्याला भीत नसत, टाचेला भीत. पिंपरी पेंढारच्या उसातून बिबट्या कधीही निघतो. पण नाना म्हणत, "त्यो आला तर वरडून हाकलीन. टाचंनं धरलं तर मेंढरामागं कोन जाईल?" सकाळी खाटेवरून पहिलं पाऊल टाकताना त्यांचा चेहरा पाहवत नसे.

त्यावर त्यांचा उपाय एकच. चुलीत वीट तापवायची, तिच्यावर रुईचं पान ठेवायचं आणि टाच दाबायची. वेळबिळ बघायची नाही. "सोसंना झालं की पाय काढायचा. सांगाया आपलं कातडं हाय की." निम्म्या गावाच्या टाचा त्यांनी अशाच शेकून दिल्या होत्या आणि हा मोठेपणा मिरवायला त्यांना फार आवडे. त्यांना साखरेचा आजार होता, त्याच्या गोळ्या मात्र आठवल्या तर घेत. अलीकडे टाच दुखेनाशी झाली होती, त्याचंही श्रेय विटेलाच.

गेल्या हिवाळ्यात मी माहेरी गेले होते. नाना ओट्यावर टाच शेकत बसले होते.

"आज इट तापलीच न्हाई," ते कुरकुरले.

करपल्याचा वास आला. वाटलं, पान जळत असेल. वाकून पाहिलं तर टाचेची कातडी विटेला चिकटली होती.

"नाना, पाय काढा आधी."

"का गं? आत्ता कुठं ऊब लागाया लागलीय."

मीच त्यांचा पाय विटेवरून उचलला. ते हसत होते, त्याचीच जास्त भीती वाटली.

जुन्नरच्या डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला लावले. म्हणाले, "टोचलं की सांगा." सुई टोचली, रक्ताचा थेंब आला. नाना डोळे घट्ट मिटून तसेच बसलेले. मग म्हणाले, "टोचा की आता, डॉक्टर." शेजारी उभ्या माझ्या वडिलांनी माझा दंड धरला. साखरेनं पायाची जाणीव गेली होती, आणि जखम चिघळली तर पाय काढावा लागणार होता.

तो काढावाच लागला, गुडघ्याखाली. मेंढरं भावकीत गेली. अंधार पडायला लागला की ओट्यावरचे नाना उसाकडे बघत वडिलांना हाका मारत, "हायेस ना रं तिथं?" पावसाळ्याआधीच ते गेले.

आता वडिलांनाही साखर निघाली आहे. मी घरी गेले आणि ते पेपर वाचत बसलेले असले की हळूच त्यांच्या टाचेला चिमटा काढते. "आगं, दुखतंय की," ते खेकसतात आणि माझ्या जिवात जीव येतो.

काल त्यांनी पेपरातून मान वर केली नाही. मी पुन्हा चिमटा काढला, जोरात.