हाकेला वळते

माझ्या मुलीनं अकराव्या महिन्यात पाऊल टाकलं. दीड वर्षाची असताना वाटीतला भात स्वतःच्या हातानं संपवला आणि दोन वर्षांची व्हायच्या आत करंगळी दाखवून शूला जायला लागली. हे मी आजही लोकांना सांगते. कुणी विचारलेलं नसतं तरी सांगते, कारण सांगण्यासारखं तेवढंच आहे.

मी लष्कराच्या कॅम्पातल्या एका लहानशा प्लेग्रुपमध्ये टीचर आहे. दुसऱ्यांच्या पोरांना चमचा धरायला, बटण लावायला, चड्डी ओली व्हायच्या आत सांगायला शिकवणं हे माझं काम. फौजी लोकांची पोरं जास्त. कुणी पंजाबातलं, कुणी तमिळ. पहिले पंधरा दिवस दारात लोळण घेतात आणि महिन्याभरात टीचरच्या डोक्यावर बसतात. पालकसभेत मी मोठ्या ऐटीत सांगायची, की मूल काय बोलतं ते नंतर बघा, आधी ते कशाला वळतं ते बघा. बोलायला काय लागतं?

सासर वडगावात. पुढच्या मोठ्या खोलीत चार पॉवरलूम, मागं स्वयंपाकघर, वर झोपायच्या दोन खोल्या. सकाळी माग सुरू झाले की घराच्या भिंतींनासुद्धा बारीक कापरं भरतं. माग चालू असताना आमच्यात कुणी कुणाला हाक मारत नाही, कारण मारून उपयोग नसतो. जेवायला बोलवायचं तर दारात उभं राहून पाची बोटं तोंडाकडं न्यायची. कुणी आलंय असं सांगायचं तर खांद्यावर थाप मारून बाहेर बोट करायचं. धागा तुटला तर दोन बोटांची कात्री. मी येळ्ळूरच्या शेतकऱ्याची मुलगी. आमच्याकडं एका बांधावरून दुसऱ्या बांधावर ओरडून बोलायची रीत. लग्न होऊन आले तेव्हा या मुक्या कारभाराचं मला हसू यायचं. वर्षभरात मीही तशीच झाले.

अशा घरात माझी मुलगी जन्मली आणि हिच्यासारखं शहाणं लेकरू दुसरं नाही असं सगळ्यांचं मत पडलं. चार माग खडखडत असताना ती पाळण्यात गाढ झोपायची. पाहुण्यांची पोरं त्या आवाजानं भोकाड पसरायची, ही कूस बदलायची नाही. आणि लाईट जाऊन माग थांबले की डोळे उघडायची. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायच्या, "मागाच्या घरातली हाय ती. माग थांबला की तिला लगेच कळतंय." खरंच कळायचं तिला. कशानं कळतं, हे आमच्यातल्या एकाही दीडशहाण्यानं विचारलं नाही. त्यात मी पहिली.

खुणा ती भराभर शिकली. चौदा महिन्यांची असेल, मागाच्या खोलीच्या दारात भिंतीला धरून उभी राहिली आणि बापाकडं बघत पाची बोटं तोंडाकडं नेली. माझ्या नवऱ्यानं माग बंद केला, तिला उचललं आणि सूत लागलेल्या हातांनीच तिला घेऊन गल्लीभर फिरून आला. पोरीनं मला जेवायला बोलावलं, असं चार घरांत सांगून आला. ते दिवस खोटे होते असं मी म्हणणार नाही. पण आठवले की जीव नकोसा होतो.

त्याच सुमारास अंगणवाडीच्या आक्का कार्ड घेऊन आल्या. त्यावर मुलाच्या वाढीच्या गोष्टी ओळीनं छापलेल्या असतात. बसतं का, धरून उभं राहतं का, नावानं हाक मारल्यावर वळतं का. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, आपण एकदा हाक मारून बघू. माग चालू होते. स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकायला येत नव्हतं, तिथं हाक कसली मारणार? मीच त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, अहो, मी स्वतः टीचर आहे, मला कळत नाही होय? वळते, लिहा. त्यांनी लिहिलं. कन्नडात छापलेल्या त्या ओळीपुढची त्यांची ती बरोबरची खूण अजून तशीच आहे. कार्ड मी फाडलेलं नाही. फाडून काय होणार आहे?

पहिल्यांदा बोलली ती माझी आई. मुलगी सव्वा वर्षाची असताना मी चार दिवसांसाठी माहेरी गेले होते. माहेरचं घर शेताला लागून, दुपारी पाखरू ओरडलं तरी कळावं इतकी शांतता. मुलगी अंगणात कोंबड्यांना तांदूळ टाकत बसली होती आणि आई मागून तिला हाका मारत होती. एक मारली, दुसरी मारली, तिसरी जरा मोठ्यानं मारली. मग आई माझ्याकडं आली आणि हळूच म्हणाली, "हिला ऐकायला येतंय न्हवं गं? चार हाका मारल्या, मागं बघितली न्हाय."

मला राग आला. रागाला माझ्या औषध नाही, हे आईला लहानपणापासून ठाऊक. मला वाटलं, ही माझ्या सासरला नावं ठेवते आहे. लग्नाच्या वेळीही तिनं मागाच्या घरात पोर कशाला द्यायची म्हणून नाक मुरडलं होतं. मी म्हटलं, "आमच्या घरात हाकंला कोण वळत न्हाय. तुझ्यासारखं ओरडायची सवय न्हाय आमाला." आणि चार दिवसांचं माहेरपण दुसऱ्या दिवशी सकाळीच आवरून मुलीला काखोटीला मारून निघाले. आई बसपर्यंत सोडायला आली. पुढं फोनवर ती मुलीचं जेवण विचारायची, दात विचारायची, सर्दी विचारायची. तो विषय पुन्हा काढला नाही. मी तिचं तोंडच बंद करून टाकलं होतं.

दोन वर्षांची झाली तरी मुलगी बोलेना. तोंडातून आवाज यायचा, हसायची तर खळखळून, पण आई नाही, बाबा नाही, पाणी नाही. आमच्या सीमाभागात याला एक तयार उत्तर आहे आणि ते सगळ्यांनी मला दिलं. घरात मराठी, गल्लीत कन्नड, मोबाईलवर हिंदी, आई इंग्रजी शाळेची. पोरगी गोंधळली आहे, एकदा सुरू झाली की थांबायची नाही. प्रत्येकाकडं एकेक पुतण्या नाहीतर भाची होती, जी चार वर्षांपर्यंत गप्प राहून नंतर चुरूचुरू बोलायला लागली होती. मी ते उत्तर दोन्ही हातांनी घेतलं. माझ्या वर्गात तमिळ घरातली पोरं तीन महिन्यांत हिंदीत भांडत होती, हे मी रोज बघत होते. तरी घरी येऊन तेच उत्तर उशाला घेत होते.

सासूबाईंनी त्यांच्या परीनं सगळं केलं. वेखंड उगाळून मधातून जिभेला लावलं. पाच सोमवार देवळात नेऊन घंटेवर ओतलेलं पाणी पाजलं, त्यानं वाचा फुटते म्हणतात. घंटा वाजवली की मुलगी हात वर करायची, उचलून धरलं की थरथरणाऱ्या घंटेला तळवा लावून हसायची. सासूबाईंना भरून यायचं. बघ, घंटेचा नाद किती आवडतो हिला, म्हणायच्या. मीही मान डोलवायची.

मग एका दुपारी दुरुस्तीसाठी गल्लीची लाईट दिवसभर बंद होती. सगळ्या घरांतले माग थांबलेले. मुलगी माझ्याकडं पाठ करून जमिनीवर बसली होती आणि सूत संपलेल्या रिकाम्या कांड्या ओळीनं मांडत होती. फळीवरून ताटं काढताना माझा हात निसटला आणि सात-आठ स्टीलची ताटं एकदम ओट्यावर आपटली. समोरच्या घरातलं तान्हं मूल त्या आवाजानं उठून रडायला लागलं. माझी मुलगी पुढची कांडी मागच्या कांडीच्या रेषेत बसते का ते बघत होती. एक ताट ओट्यावर अजून घुमत होतं. मी ते हातानं दाबलं आणि तिच्या पाठीकडं बघत राहिले. मला आईची आठवण झाली नाही, डॉक्टरची झाली नाही. मूल आधी कशाला वळतं ते बघा, असं माझ्या हातानं लिहून प्लेग्रुपच्या भिंतीला लावलेला तक्ता तेवढा डोळ्यांसमोर आला.

कानाच्या डॉक्टरांनी तिला झोपवून डोक्याला वायरी लावून तपासलं. निम्मं कन्नड, निम्मं मराठी बोलणारे, सज्जन गृहस्थ होते. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, जन्मापासूनच असावं, असं म्हणाले. नवरा ऐकेना. माग थांबला की उठते हो ती, असं परत परत सांगू लागला. डॉक्टरांनी विचारलं, पाळणा कुठं टांगला होता? मागाच्या खोलीच्या भिंतीला, म्हटलं. मग डॉक्टर म्हणाले, हादरे थांबले की उठत असेल. त्या दिवशी घरी आल्यावर माझा नवरा माग सुरू करून पलीकडच्या खोलीत गेला आणि फरशीवर तळवा टेकून कितीतरी वेळ बसला.

मी डॉक्टरांना एकच विचारलं होतं. वर्ष-दीड वर्ष आधी आणलं असतं तर? त्यांनी कागदावरून मान वर केली नाही. "तेव्हा आणायला पाहिजे होतं," एवढंच म्हणाले. कानाला मशिनं लावू, जमलं तर पुढं ऑपरेशनचं बघू, पण बोलणं शिकायचं वय हातातून चाललंय, असंही म्हणाले. तीन वर्षांची होती ती. त्यातली पावणेदोन वर्षं मी माझ्या तोऱ्यापायी घालवली होती.

आईला फोन केला तेव्हा ती रडली नाही. मला वाटलं होतं, एकदा तरी बोलेल, मी तुला तेव्हाच सांगितलं होतं म्हणून. बोलली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मी गप बसले ते लई चुकलं बघ माझं." मी फोन ठेवला.

मशिनांनी तिला दारावरची धाडकन थाप कळते, कुकरची शिट्टी कधी कळते, कधी नाही. माणसाचं बोलणं तिच्यापर्यंत पोचत नाही, पोचलं तर नुसता गलका. बोलायला शिकवणाऱ्या मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, एकच भाषा ठरवा, घरातली, बाहेरची, शाळेची सगळी एकच. मॅडमना कन्नड आणि इंग्रजी येत होतं. माझ्या माहेरच्या गावात भाषेसाठी माणसांनी लाठ्या खाल्ल्या आहेत, त्यात माझे आजोबा होते. त्यांच्या पणतीला कोणतीच भाषा नाही. मी मराठी सांगितलं आणि मॅडमनी मान हलवली, प्रयत्न करू म्हणाल्या. वर्षभर आरशासमोर बसून 'पा' आणि 'मा' केलं. ती माझ्या गळ्यावर हात ठेवते, ओठ बघते आणि तोंड तसंच्या तसं करते. आवाज निघतो तो भलताच असतो. लोक आशेनं विचारतात, सुधारणा आहे ना? आहे म्हणते. पोरांच्या आयांना मी बारा वर्षं धीर देत आले, खोटं बोलायचा सराव आहे.

अंघोळीचं वेड मात्र तिला भारी. साडेचार वर्षांची झाली तेव्हा स्वतः अंघोळ करायचा हट्ट धरला. मी शिकवलं. मशिनं काढून डबीत ठेवायची, तांब्या दोन्ही हातांनी धरायचा, साबण लावताना डोळे मिटायचे. न्हाणीचं दार नुसतं लोटून घ्यायची. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी तिनं टाचा उंचावून आतली कडी लावली. एवढ्या उंचीवरची कडी लावता आली, याचं कुणाही आईला कौतुकच वाटलं असतं.

माग अजून सुरू व्हायचे होते, मी भाकरी करत होते. रडणं ऐकलं आणि धावले. कडी घट्ट होती, तिला निघत नव्हती. कडी थोडी वर उचल, मग बाजूला ओढ. एवढंच सांगायचं होतं. वर्गातल्या एका तीन वर्षांच्या पोराला मी असंच बाहेर बसून सांगत सांगत बाहेर काढलं होतं. मी दाराला तोंड लावून तेच सगळं बोलले. बाळा, वर उचल. बाळा, मी आहे. दुसरं काय करणार? माझी तिच्याशी सगळी बोलणी हातांची, आणि मध्ये लाकडी दार. खाली बोट जाईल एवढी फट नाही, वर झरोका उंच आणि जाळीचा. मी दारावर थापा मारल्या, तर आतलं रडणं वाढलं. रडण्यात शब्द नव्हता. पोरं रडताना आई म्हणतात ना, तेसुद्धा नव्हतं.

मागाच्या खोलीतून नवऱ्याला ओढून आणलं. त्यानं पहार घालून बिजागरी उचकटेपर्यंत वीस मिनिटं तरी गेली असतील. दार निघालं तेव्हा ती कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसली होती, अंगभर साबण सुकलेला, डोळे गच्च मिटलेले. डोळे मिटले की तिला काहीच उरत नाही. मी हात लावला तशी किंचाळून अंग चोरलं. मग डोळे उघडले, मला बघितलं आणि दोन्ही मुठींनी माझ्या छातीवर मारायला लागली. मारून दमली तेव्हा तळवा उताणा करून माझ्यासमोर धरला. आमच्या घरात त्याचा अर्थ, कुठं होतीस?

मी दाराकडं बोट केलं, मग स्वतःकडं. पुन्हा दाराकडं. इथंच होते. गुडघ्यावर बसून, दाराला कसा कान लावला होता तेही करून दाखवलं. तिनं सगळं नीट बघितलं आणि मान हलवली. नव्हतीस. पुन्हा तळवा उताणा केला.