रंगाच्या हौदातली बतकम्मा

दुष्काळात कुणाकडे पाहुणी म्हणून जावं का, यावर मी आठवडाभर घोळ घातला. आमच्या लातूरला नळ कोरडे, नांदेडलाही टंचाई. पण नांदेडच्या माझ्या ओळखीच्या सरस्वतीअक्कांचा फोन आला, “बतकम्मा बघायची म्हणत होतीस ना? यंदाच ये. पुढचं सांगता येत न्हाई.” दोन बाटल्या पाणी घेऊन निघाले.

एसटी अहमदपूर, लोहा करत जाते. लोह्याच्या स्टँडवर गरम भजी जरूर खा. मागच्या सीटवर नव्या जिल्ह्याच्या मागणीवरून जुंपली होती.

“जिल्हा वेगळा झाला की बघा!”

“कलेक्टर काय संगं पाणी आणणार हाय?”

अक्कांची गल्ली नांदेडच्या इतवारा बाजारामागे. निजामाच्या काळात तेलंगणातून आलेल्या विणकरांनी वसवलेली. शेजारच्या धम्मपालभाऊंचे वडील बहात्तरच्या दुष्काळात कंधारकडून कामाला आले आणि इथलेच झाले. पुढे माग बंद पडले, विणकरांची मुलं हैदराबादला गेली. त्यांच्या खोल्यांत आता फरश्या बसवणारी बिहारी कुटुंबं आहेत. एका गल्लीत तेलुगू, मराठी, दखनी, भोजपुरी. भाजीवाला चारही भाषांत महाग.

बतकम्मा म्हणजे फुलांची देवी. तरवडाच्या पिवळ्या फुलांची उतरंड रचायची, भोवती फेर धरायचा, शेवटी ती पाण्यात सोडायची. तरवड दुष्काळातही फुलला होता. नदीत मात्र नुसती डबकी.

“एक साल मोडलं की सुना पुन्हा करत न्हाईत,” अक्का म्हणाल्या.

धम्मपालभाऊ म्हणाले, “रंगाचा हौद हाय की, अक्का! घरटी एक कळशी ओतू.”

सूत रंगवायचा तो हौद कित्येक वर्षं कोरडा होता. संध्याकाळी एकेक कळशी त्यात रिकामी होऊ लागली. नवी आलेली बिहारी सून कळशी घेऊन दारातच घुटमळत होती.

“चूल इथंच पेटती ना तुझी? मग ओत!” अक्का तिला म्हणाल्या.

मीही बाटली उघडली. अक्कांनी हात धरला. “तू पाव्हणी.”

“गल्लीत खोली घे, मग ओत,” गल्लीतल्याच शबानाआपा हसल्या. सगळ्या हसल्या. मला जरा लागलंच, पण त्यांचं बरोबर होतं.

फेर रंगला, फुलं हौदात तरंगली. सकाळी प्रत्येक घराने धुण्याभांड्यांसाठी आपापली कळशी भरून नेली. निघताना अक्कांनी माझी एक बाटली रिकामी करवून त्यात हौदाचं पाणी भरलं. “ओतायला घर लागतं. न्यायला न्हाई.”

लातूरला पोचले. ते पाणी सुकत चाललेल्या मोगऱ्याला घातलं. आमच्या वरच्या मजल्यावर चार महिन्यांपूर्वी एक कुटुंब आलंय. त्यांचं नावही मी विचारलेलं नव्हतं. दुपारी टँकरचा हॉर्न वाजला. घागर घेऊन मी आधी जिना चढले आणि त्यांचं दार वाजवलं.