सुमनवैनीची दुपारची चाय

आधी नाव सुमनवैनीचं. ती माझी थोरली जाऊ. आज मला जे काही लिहिता येतं ते तिच्यामुळे, हे अक्षरसुद्धा तिचंच. एवढं म्हटल्याशिवाय पुढचं सांगायला मला तोंड नाही. आणि पुढचं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. आईला तर नाहीच.

माझं माहेर जतकडचं. चौथीतून शाळा सुटली. लग्न होऊन बांद्याला आले तेव्हा इथलं बोलणं कळेना, माशांचा वास सोसेना, आणि नवरा ट्रकवर — आठ-आठ दिवस घरी नाही. सासरी माझं नावही बदललं. एकटी सुमनवैनी मला जुन्या नावानं हाक मारायची, शकू म्हणून. तेही दुपारी सगळे जेवून आडवे झाल्यावर.

तो तास आमचा. मागच्या दारी, बावीजवळच्या पायरीवर — विहिरीला इथे बाव म्हणतात. मी कोरा चहा करायचे, काळाभोर, गूळ घालून. एका हातात कप धरून दुसऱ्या हातानं ती मला अक्षरं काढून द्यायची. आईला पहिलं पत्र मी त्या पायरीवर लिहिलं, पंधरा पैशांच्या कार्डावर. "शकू, ही चाय न्हय गो, काकवी," असं म्हणायची आणि वर दुसरा कप मागायची.

मग तिचं दुसरं बाळ पोटातच गेलं. रक्त फार गेलं. ती उठेना, म्हणून दवाखान्यातून गोळ्या आणायला मी गेले. नर्सबाईंनी मला दोन गोष्टी सांगितल्या. रक्ताच्या गोळ्या आहेत, दुपारी जेवल्यावर लिंबूपाण्याबरोबर द्या. आणि आधी-नंतर दोन तास चहा बिलकूल नको — चहानं गोळीतलं लोह अंगाला लागत नाही, जेवणातलंही नीट लागत नाही.

घरी येऊन मी पहिली गोष्ट सांगितली. निम्मीच. गोळी जेवल्यावर, एवढंच.

दुसरी का नाही सांगितली? विसरले असते तर हे लिहावं लागलं नसतं. चहा गेला की पायरी गेली, पायरी गेली की मला शकू कोण म्हणणार? उद्या सांगू, म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी तिनं ती गोळी माझ्याच चहाच्या घोटाबरोबर गिळली. मी समोर बसले होते. पाटीवर काहीतरी गिरवत होते.

महिने गेले. तिचे ओठ पांढरे पडले, तोंडाचे कोपरे चिरले. पायांची कातडी कोरडी होऊन कोंड्यासारखी झडायची, खाजवून खाजवून ओरखडे उठायचे. नखं मधे खोल गेली. एकदा तिनं नखावर पाण्याचा थेंब ठेवून दाखवला, ओघळला नाही. "बघ गो, पणत्यो झाल्यो. आता वाती तेवढ्यो घाल." मी हसले. हसले मी.

नर्सबाई घरी आल्या तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, गोळी चहाबरोबर नाही ना देत? सुमनवैनी आत झोपली होती. मी म्हटलं, नाही बाई.

तोवर गप्प राहणं होतं. हे खोटं.

मग गोळ्या चालू असूनही असं, म्हणजे दुसरंच काही असेल, मोठ्या दवाखान्यात दाखवा, असं म्हणून त्या गेल्या. सासूबाई घाबरल्या. वाईट नाहीत त्या, पण घरात सुमनवैनीचा तीन वर्षांचा बाबू होता. "ह्या अंगावरचा कायतरी आसा, पोराक लागात," म्हणाल्या, "तिचो कप वेगळो ठेव." तो कप मागच्या भिंतीवर खिळ्याला मी टांगला. माझ्या हातानं. आणि रोज दुपारी त्यात चहाही ओतला. ह्याला काय नाव द्यायचं?

शेवटी तिचे वडील आले आणि तिला तोंडवलीला माहेरी घेऊन गेले. बाबूला इथंच ठेवून घेतलं.

दिवाळीत थोरले दीर तिला आणायला गेले आणि एकटेच परत आले. ती बरी झाली होती. गालांवर रंग, पायांची कातडी मऊ. गोळ्या त्याच. पण तिचे वडील काही तिला सोडेनात, "परत मराक धाडू काय तिका?" म्हणाले. मग दीर माझ्याकडे बघून हसत म्हणाले, "थंय ती चाय पियतच नाय. तुझ्यासारखी कोणाक जमणा नाय म्हणता." सगळे हसले. मी चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

सासूबाईंनी ठरवलं, आमच्या बावीचं पाणी तिला मानवलं नाही. चार माणसं लावून बाव उपसली. गाळ काढला, चुना टाकला. दोन दिवस शेजारून पाणी भरलं. तिच्या वडिलांना बोलावून तळ दाखवला. त्यांनी वाकून पाहिलं, मान हलवली आणि पाणीसुद्धा न पिता गेले. तेव्हा मी काठावर उभी होते. एक वाक्य होतं माझ्याकडे. ते बोलले असते तर ती त्याच आठवड्यात बाबूजवळ आली असती.

बोलले नाही. त्याला दोन वर्षं झाली. बाबू आता मला आई म्हणतो.

फक्त चहानंच झालं का, हे मला ठरवता येत नाही, आणि त्याच्याआड मला लपायचंही नाही. मला सांगितलं होतं, आणि मी सांगितलं नाही.

सुमनवैनी, मी येईन. सासूबाईंना बरोबर घेऊन, बाबूचा हात धरून. तुझ्या दारात, तुझ्या वडिलांसमोर सांगेन, की बाव चांगली होती. तू शिकवलेल्या अक्षरांत इथं आधी लिहून ठेवते आहे, म्हणजे तिथं निम्मं सांगून परत यायला नको.