विसळलेला फ्लास्क

आमच्या पेडगावात पेला विसळल्याशिवाय कुणी पाणी घेत नाही, मग तो घासून पालथा घातलेला का असेना. "धूळ लय हाय, इसळून घे," आई म्हणायची. ही सवय हातात पुरती मुरली, आणि तिनंच माझा घात केला.

एम.एस्सी.च्या शेवटी हैदराबादची एक औषध कंपनी परभणीला, आमच्या कॉलेजात, मुलं निवडायला आली. परीक्षा प्रयोगशाळेतच. मॅग्नेशियम, ईथर आणि ब्रोमोबेंझीन. कार्बनला कार्बन जोडायची पहिली पायरी. भांड्यात जराशी ओल असली तरी ही अभिक्रिया सुरूच होत नाही. मला हे तोंडपाठ होतं. तरीही ओव्हनमध्ये वाळवून गार केलेला फ्लास्क मी नळाखाली धरला, विसळला आणि वर ओढणीनं पुसला. तासभर मॅग्नेशियम तळाशी जसंच्या तसं पडून राहिलं. माझी निवड झाली नाही.

आता नऊ वर्षं त्याच प्रयोगशाळेत तासिका तत्त्वावर शिकवतेय. दर वर्षी नेमणूक नवी, खोली तीच, पहिला धडाही तोच. सिंथेसिसची आखणी उलटी करायची, मी सांगते. हवा तो रेणू फळ्यावर काढा आणि एकेक बंध तोडत मागं या, बाजारात मिळणाऱ्या साध्या पदार्थांपर्यंत. माझं आयुष्यही मी तसंच मागं आणून पाहते. दर वेळी त्या नळाशी येऊन अडकते. स्वतःचीच चीड येते.

यंदा तीच कंपनी पुन्हा आली. जवळच्या झरी गावची एक मुलगी, माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी, परीक्षेला उभी होती. परीक्षक खिडकीशी फोनवर बोलत होता. तिनं वाळवलेला फ्लास्क उचलला आणि सरळ नळाकडं वळली. मी दाराशीच होते. बोलायला हवं होतं, पण तोंड उघडेना. ही जाणार आणि मी इथंच कुजणार, एवढंच डोक्यात होतं. तिचा हात नळावर गेला.

"अगं, इसळू नको," शेवटी मी म्हणाले.

तिनं दचकून हात मागं घेतला. थोड्या वेळानं तिच्या फ्लास्कमधलं ईथर आपोआप उकळायला लागलं, म्हणजे अभिक्रिया सुरू झाली.

हैदराबादला निघताना ती भेटायला आली. "मॅडम, तुमी हाक मारली म्हणून जायलेय मी," म्हणाली आणि गळ्यात पडून रडली. हाक मारण्याआधी मी किती वेळ गप्प होते, हे तिला माहीत नाही.