पीटी सरांचा रेडर

आमचे पीटी सर कुणाशीही बोलताना आधी त्याच्या पायांकडे बघत. हेडमास्तर असोत, पोलीस पाटील असोत की वर्गात नव्याने आलेली पोरगी असो, सरांची नजर आधी चपलेवर जायची आणि मग सावकाश वर यायची. नवख्या माणसाला वाटायचं, आपली चप्पल तुटली की काय! "तोंड खोटं बोलते, पाय नाही बोलत," असं सरांचं म्हणणं. उभा जन्म कबड्डीत घालवल्यामुळे लागलेली ती खोड होती. आठवीच्या पहिल्या दिवशी माझ्याही पायांकडे बघून ते म्हणाले होते, "डावा कोपरा." कबड्डीतली माझी जागा आधी ठरली, नाव त्यांनी नंतर विचारलं.

महागाव तालुक्यातल्या आमच्या शाळेत सरांनी कबड्डीच्या किती पिढ्या घडवल्या असतील कोण जाणे. तालुका जिंकायचा, जिल्हा जिंकायचा आणि अमरावतीला विभागात हरून परत यायचं, हे दरसालचं ठरलेलं. "अमरावतीच्या पुढची एस्टी आपल्यासाठी निघालीच नाही," असं ते स्वतःच हसत म्हणायचे. पण निवृत्तीच्या आधी एकदा तरी आपला संघ राज्यावर न्यायचा, ही त्यांची इच्छा गावात सगळ्यांना ठाऊक होती. स्टाफरूममध्ये चहा पिताना कुणीतरी हमखास विचारायचं, "काय राठोड सर, यंदा राज्य का?" सर बशीतला चहा संपवून मैदानावर निघून जायचे.

राज्य आलं ते भलत्याच दारातून. एका कंपनीने आमच्या शाळेला रोबोचं सामान दिलं होतं. विज्ञानाच्या मॅडमनी आम्हा चौघा पोरापोरींना घेऊन त्यातून एक रोबो उभा केला. तो चाकांवर पळायचा, प्लॅस्टिकचे ठोकळे उचलून टोपल्यात टाकायचा आणि शेवटी एका आडव्या दांड्याला धरून वर लटकायचा. तो चालवायचं काम माझं. यवतमाळच्या फेरीत आम्ही निवडले गेलो, पुण्याच्या राज्यस्पर्धेचं बोलावणं आलं आणि नेमक्या त्याच वेळी मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. आता पोरांना नेणार कोण? शाळेबाहेरचा दौरा म्हटला की पीटी सर, त्यामुळे हेडमास्तरांना फार विचार करावा लागला नाही.

सर प्रयोगशाळेत आले आणि रोबोच्या चाकांकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हा आपला रेडर. बाकी तुमी सगळे पकडीवाले." त्या दिवसापासून त्यांनी सगळ्याला कबड्डीतलीच नावं दिली. दांड्याला लटकणं म्हणजे बोनस. बॅटरी म्हणजे दम. "दम किती उरला पाह्य बरं," म्हणाले की आमची कोमल धावत जाऊन बॅटरी तपासायची. रोबोतलं त्यांना काही कळत नव्हतं, आणि ते कळतं असं त्यांनी कधी दाखवलंही नाही. आमच्या तांड्यावर माझी याडी, म्हणजे आई, मला उमरखेडच्या पुढे एकटीला पाठवायला तयार नव्हती. राठोड सर सोबत आहेत म्हटल्यावर तिने बोलता बोलता पिशवी भरून दिली.

गाडीत खिडकीजवळची जागा रोबोला मिळाली. सरांनी त्याला आपल्या सोलापुरी चादरीत गुंडाळलं होतं आणि हात त्याच्या पोटाभोवती टाकून ते पुण्यापर्यंत बसून राहिले. पोचल्यावर आम्हाला वाटलं, जरा आडवं व्हायला मिळेल. कुठलं काय! सरांनी आम्हाला क्रीडा संकुलाला धावत फेऱ्या मारायला लावल्या. शहरातली पोरं गळ्यात ओळखपत्रं घालून, लॅपटॉप छातीशी धरून चाललेली, आणि आम्ही त्यांच्यामधून पळत चाललेलो. "सर, आपल्याला बटणं दाबायची आहेत," मी धापा टाकत म्हटलं. "बोटं काय अंगापासून वेगळी असतेत का?" सर म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत प्रत्येक संघाला एक टेबल होतं. आम्ही रोबो मांडतो न मांडतो तोच दुसऱ्या संघांची पोरं हातात कागद घेऊन येऊ लागली. तुमचा रोबो किती उंच उचलतो, कुठून सुरुवात करतो, दांड्याला लटकतो का? कोमल उत्साहाने सांगायला लागली तशी सरांनी तिला डोळ्यांनीच दटावलं. ती पोरं गेल्यावर म्हणाले, "काहून सांगून राह्यली? आज सांगशीन, उद्या तेच आपल्या अंगावर येतीन." आणि त्यांनी रोबोवर चादर टाकली. पुढे जो येईल त्याला सर एकच उत्तर द्यायचे, "जमते थोडंफार." कबड्डीत डाव झाकून ठेवायचा असतो, हे त्यांना इतकं पक्कं माहीत होतं की आम्हालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

खेळाची रीत मात्र त्यांच्या गळी उतरेना. प्रत्येक सामन्यात दोन संघ मिळून दुसऱ्या दोन संघांशी खेळायचे, आणि जोड्या दरवेळी बदलायच्या. आत्ता ज्याच्या खांद्याला खांदा लावला, तो पुढच्या सामन्यात समोर उभा! "हे लग्न हाय का भांडण?" सरांनी तिथल्या स्वयंसेविकेला विचारलं. ती हसली. पण आमचा रोबो खेळला मात्र झकास. एकदा तर अगदी शेवटच्या क्षणी त्याने दांडा पकडला आणि सर "बोनस! बोनस!" असं ओरडत रेषेच्या आत शिरले. पंचांनी त्यांना हाताला धरून मागे नेऊन उभं केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. शेजारी नाशिकच्या संघाच्या मॅडम होत्या. त्या सहज म्हणाल्या, "तुमचा रोबो छान लटकतो हो. पण आमच्या मुलांच्या कागदावर तुमच्या नावापुढे काहीच लिहिलेलं नाही. तुम्ही सांगितलंच नाही ना कुणाला." सरांनी विचारलं, कसला कागद? तेव्हा कुठे उलगडा झाला. वरच्या क्रमांकाचे संघ जेवणानंतर आपापले जोडीदार निवडणार होते, आणि ज्यांची निवड होईल तेच पुढे खेळणार होते. आम्ही काही वरच्या क्रमांकात नव्हतो. आम्हाला कुणीतरी निवडायला हवं होतं, आणि आम्ही तर दोन दिवस चादर टाकून बसलेलो.

सर ताटावरून उठले. चादर काढून त्यांनी माझा हात धरला आणि टेबलामागून टेबल फिरायला सुरुवात केली. ज्या माणसासमोर सबंध शाळा चळाचळा कापायची, तो माणूस माझ्याएवढ्या पोरापोरींसमोर उभा राहून म्हणत होता, "चूक आमची झाली. मीच पोरायले बोलू देलं नाही. एकडाव येऊन पाहा ना आमचा गडी." काही जण आले, त्यांनी मान डोलावली. बऱ्याच जणांचं ठरून गेलं होतं. मला लाज वाटत नव्हती, फक्त सरांचा हात सोडू नये असं वाटत होतं.

मग सगळ्यांना रिंगणाभोवती बसवलं. एकेक कप्तान माइकवर येऊन जोडीदाराचं नाव घ्यायचा, की त्या कोपऱ्यातून आरोळी उठायची. प्रत्येक वेळी सर थोडे पुढे सरकायचे. शेवटचं नाव झालं. ते आमचं नव्हतं.

बाहेर पायऱ्यांवर सरांनी आम्हाला समोर बसवलं. "राज्यावर याले मी जनमभर तडफडलो, आन् आलो तं तुमचंच तोंड बांधून ठेवलं. चूक माही हाय. तुमी चांगले खेळले." शिक्षकाने पोरांना असं म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. मला रडू आलं ते आम्ही बाहेर पडलो म्हणून नाही, सरांसाठी आलं. त्यांनी किती वाट पाहिली होती! ते मात्र उठून म्हणाले, "झालं असन रडणं तं चाला आत. फायनल पाहू." आणि शेवटपर्यंत बसून त्यांनी कुणाकुणासाठी टाळ्या वाजवल्या.

त्या उन्हाळ्यात सर निवृत्त होऊन उमरखेडला लेकाकडे राहायला गेले. आज ते हयात नाहीत, पण तेव्हा होते. पुढच्या वर्षी आम्ही मॅडमबरोबर पुन्हा पुण्याला गेलो. या वेळी आमच्या टेबलावर येईल त्याला आम्ही इतकं सांगितलं की ऐकणारे कंटाळले. नशिबाने आमचा क्रमांकही वर लागला आणि जोडीदार निवडायला माइकवर मी उभी राहिले. गडचिरोलीकडच्या एका शाळेच्या पोरी आल्या होत्या. दोन दिवस त्या टेबलामागे माना खाली घालून बसलेल्या. काही विचारलं की नुसत्या एकमेकींकडे बघायच्या. त्यांचा रोबो मात्र ठोकळे फार नेटका लावायचा, हे आम्ही रिंगणाजवळ उभं राहून पाहिलं होतं. मी त्यांचं नाव घेतलं. त्यांना आधी खरंच वाटेना.

उपांत्य सामन्यात आम्ही दोन्ही संघ हरलो. संध्याकाळी मी सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. हरल्याबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही.

"त्या पोरी बोलल्या का मंग?" ते म्हणाले.

"बोलल्या सर. आता गप्प बसायला तयार नाहीत."

मग सर म्हणाले, "जमलं बाई आपल्याले राज्य."