साळवेबाईंचा पहिला शनिवार

महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी साळवेबाई आमच्या बिल्डिंगमध्ये घरोघर माफी मागत फिरायच्या. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत त्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या आणि मी बरोबर त्यांच्या खाली, बायको सुधा गेल्यापासून तसाच एकटा. बेल वाजवून त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहायच्या. "सलाम भाऊ. महिन्याभरात माझ्याकडून तुमचं मन दुखावलं असेल तर मोकळं करा. उद्या भाकर घ्यायचीय."

उद्या म्हणजे रविवारी, त्यांच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असायचं; येशूच्या आठवणीने सगळे पुढे जाऊन भाकरीचा तुकडा घ्यायचे. पहिल्यांदा मला हसूच आलं. "अहो बाई, तुम्ही माझं काय घोडं मारलंय? या, चहा घ्या." चहा घेता घेता त्या म्हणाल्या, "देवाचं काही नाही हो, तो केव्हाचाच मोकळा असतो. माणसंच अडून बसतात. म्हणून आधी माणसं."

सुधा गेली त्या दिवशी सगळी सोसायटी मला धीर द्यायला घरात जमली होती. बाईंनी सिंकमधली भांडी घासली, ओटा पुसला आणि निघून गेल्या. त्यानंतर माझ्या दारावर बेल वाजायची ती कुरिअरवाल्याची नाहीतर कचरेवाल्याची. माझ्यासाठी म्हणून वाजणारी एवढी एकच, महिन्यातून एकदा.

आणि ती मीच घालवली. गेल्या जूनमध्ये माझ्या बाथरूमचं छत गळायला लागलं. माझं डोकं आधीच गरम, त्यात प्लॅस्टरचा पोपडा अंगावर पडला. तसाच वर गेलो आणि जिन्यात चार लोकांसमोर ओरडलो, "चर्चमध्ये प्रेमाचे धडे आणि खालच्याच्या डोक्यावर घाण पाणी! शोभतं का हो तुम्हाला?" माझं सगळं बोलून झाल्यावर बाई म्हणाल्या, "चुकलं भाऊ. बघते मी." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाथरूम बंद केलं. गुडघे धरलेली ती बाई महिनाभर स्वयंपाकघरातल्या मोरीत बादली घेऊन आंघोळ करत होती, हे मला कामवालीकडून कळलं.

छत गळायचं थांबेना. शेवटी प्लंबर आणला. तो म्हणाला, "काका, वरच्यांचा काय संबंध नाय. डक्टमधला सोसायटीचा पाइप फुटलाय."

पाइप बदलला. बाथरूम वापरा, एवढा निरोप कामवालीबरोबर वर पाठवला. वर जाऊन 'बाई, माझं चुकलं' म्हणायला किती पायऱ्या? अठरा. पण मी त्या चढलो नाही. त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी बेल वाजली. मी दाराच्या भिंगातून बघितलं. बाई भिंतीला हात टेकून उभ्या होत्या. दार उघडलं तर खरं सांगावं लागणार, या लाजेने मी टीव्हीचा आवाज वाढवला. त्या थोडा वेळ थांबल्या आणि गेल्या. त्यानंतर प्रत्येक पहिल्या शनिवारी त्या आल्या आणि प्रत्येक वेळी मी आत बसून राहिलो. मनाला समजावलं, म्हातारीची रीत आहे, उद्या जाऊन भाकर खाईल, आपलं काय अडलंय?

जानेवारीत बाई झोपेतच गेल्या.

दफनभूमीत आम्ही जेमतेम दहा-बारा जण होतो. मूठमाती देऊन झाल्यावर त्यांच्या चर्चचे पाळक माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. तरुण होते, डोळे लाल झालेले. म्हणाले, "एक गोष्ट मनाला लागून राहिलीय. गेले कित्येक महिने बाईंनी भाकर घेतलीच नाही. सगळे पुढे जायचे आणि त्या बाकावर बसून राहायच्या. विचारलं तर म्हणायच्या, एकाचं मन अजून माझ्याबद्दल मोकळं झालेलं नाही. नाव सांगा, मी जाऊन बोलतो म्हटलं, तर नाव काही सांगितलं नाही."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही त्यांच्या खालीच राहता ना? तुम्हाला काही कल्पना आहे, कोण असेल ते?"

"नाही बुवा," मी म्हणालो.