बर्ड फ्लूच्या दिवसांतली आजी
शेडमालकाची आई, जिला मी आजी म्हणायचो, ती होती म्हणून मी त्या तापातून धीरानं निघालो. फिनाईलचा वास आला की अमरावतीजवळचं ते कोंबड्यांचं शेड आठवतं. आठवीतच शाळा सोडून, घरापासून लांब, मी तिथं कामाला होतो. बर्ड फ्लू आला तेव्हा मिळालेले नवे हातमोजे गावी दाखवायला जपून ठेवले आणि मेलेल्या कोंबड्या उघड्या हातांनी उचलल्या. मग ताप भरला. आजीनं मास्क बांधून मला सरकारी दवाखान्यात नेलं. घशातला नमुना तपासायला गेला. निकाल येईपर्यंत मी वेगळ्या खोलीत होतो, ती खिडकीतून भाकर देताना विचारायची, "काहून भेतं, पोट्ट्या? आरवून तं नाही राहिला ना?" मला हसू फुटायचं. शेवटी साधाच ताप निघाला. आता मी सुरतेला असतो. "आजी, तुमाले बरं नसलं तं पयल्या गाडीनं येतो," असं तिला सांगून ठेवलंय. ती हसते, पण मी जाणारच.